डावा कोपरा, एक हंगाम

तयार हाफ पँट माझ्या धाकट्या दिराला कधीच बसली नाही. कंबरेला बसेल ती मांडीत अडकायची आणि मांडीत बसेल ती कंबरेवरून घसरायची. पंचवटीत माझं शिलाईचं दुकान आहे. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, फॉल-पिको. पुरुषांचे कपडे मी घेत नाही, पण त्याच्या सरावाच्या सगळ्या पँटी मीच शिवल्या. पहिल्यांदा मांडीभोवती टेप फिरवली तेव्हा म्हणाले, "भाऊजी, ही मांडी आहे की माझी कंबर?"

तो म्हणाला, "वहिनी, तुमची कंबर एवढी राहिलीय कुठं आता?"

तो कॉलेजसाठी म्हणून गावाहून आमच्याकडे आला आणि दुकानावरच्या दोन खोल्यांत आमच्यासोबत राहिला. कॉलेज नावाला होतं. खरं काम कबड्डी. पहाटे मैदान, संध्याकाळी मैदान, मधे जेवण आणि झोप. अंडी मी डझनावर आणत असे, ती ट्रेवर आणायला लागले. आमचे हे आयटीआयमध्ये शिकवतात, त्यांचा स्वभाव मुळातच कमी बोलण्याचा. भावाच्या खेळाबद्दल ते एकदाच म्हणाले, "करतोय तर करू दे." म्हणजे करू दिलं मी.

तो डाव्या कोपऱ्यात खेळायचा. कबड्डीत नाव होतं ते चढाई करणाऱ्याचं. कोपऱ्यातल्या माणसानं वाकून, नजर समोरच्याच्या पायांवर ठेवून उभं राहायचं आणि पाय जरा पुढे आला की घोटा धरायचा. धरला की बाकीचे येऊन पडेपर्यंत सोडायचा नाही. समोरचा लाथा मारतो, फरफटत नेतो, तरी नाही. मी त्याचे सामने बघायला जाई तेव्हा मला त्यात खेळ कमी आणि हट्ट जास्त दिसायचा. आमच्या सासरच्या माणसांना हे काम जमणार यात मला नवल वाटलं नाही.

मग त्याला टीव्हीवरच्या लीगमधल्या एका संघानं घेतलं. पहिल्या हंगामात तो राखीव खेळाडूंच्या बाकावर टॉवेल मांडीवर घेऊन बसलेला दिसे. सासूबाई गावाहून फोन करायच्या.

"दिसला का गं?"

"दिसला. पाण्याची बाटली देत होता."

"बाटली तर बाटली. दिसला ना?"

हंगामाच्या शेवटी त्यांचा नेहमीचा डावा कोपरा जायबंदी झाला आणि याला आत घेतलं. थोडेच सामने मिळाले, पण एका सामन्यात त्यानं लीगमधल्या एका नावाजलेल्या चढाईपटूचा घोटा असा धरला की तो माणूस मॅटवर हात आपटत राहिला. ती पकड टीव्हीवाल्यांनी पुन्हा पुन्हा दाखवली. आमच्या गल्लीतल्या भाजीवाल्या बाईनं मला त्या आठवड्यात मेथीची एक जुडी जास्त दिली. संघानं पुढच्या हंगामासाठी पुन्हा करार केला, आणि या वेळी पहिल्या सातांत धरलं. करारात एक गोष्ट स्पष्ट होती. संघाच्या परवानगीशिवाय बाहेर कुठंही खेळायचं नाही. सही करण्यापूर्वी त्यानं मला ते वाचून दाखवलं होतं. मी म्हटलं, बरोबरच आहे, त्यांनी पैसे मोजलेत, पाय त्यांचे.

हे झालं थंडीत. चैत्रात गावची यात्रा आली.

आमचं गाव लासलगावच्या अलीकडे. आमचा आणि शेजारच्या गावाचा देव एकच आहे आणि यात्राही एकच. यात्रेच्या दिवशी दोन्ही गावांत कबड्डीचा सामना होतो. जो जिंकेल त्या गावानं पालखीला पहिला खांदा द्यायचा. हरलेल्या गावानं मागून चालायचं, आणि वर्षभर बाजारात, लग्नात, रसवंतीवर ऐकून घ्यायचं. आणखी एक रीत म्हणजे ज्या घरात खेळणारा आहे त्या घरानं सामन्याला माणूस दिलाच पाहिजे. घरानं नाही म्हणायची पद्धतच नाही. आमच्या लग्नाच्या वर्षी आमचे हेसुद्धा उभे राहिले होते, आणि पहिल्याच चढाईत बाद होऊन माझ्याकडे न बघता बाहेर आले होते.

चुलत सासरे त्या वर्षी यात्रा कमिटीचे प्रमुख होते. त्यांची लासलगावला कांद्याची आडत. मोठा आवाज, मोठं पोट, माणूस वाईट नाही. त्यांनी वेशीवर दिराचा फोटो असलेला असा बॅनर लावला होता की देवाचा फोटो कोपऱ्यात गेला होता. मी त्यांना सांगितलं, "काका, त्याला बाहेर खेळायची मनाई आहे. लिहून दिलंय त्यानं."

"खेळवतंय कोण? नुसती जर्सी घालून बसंल. शेजारच्यांनी बाहेरून पोरं आणलीत म्हणं. हा बाकावर दिसला तरी त्यांचे पाय लटपटतील."

"बसला तर उठणार नाही का?"

"सुने, तू लय पुढचं बघतीस."

सामना उन्हं उतरल्यावर होता. मैदान मातीचं. धूळ बसावी म्हणून टँकरनं पाणी मारलं होतं. आम्ही बायका एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसलो होतो, ती मैदानाच्या एका कोपऱ्याला लागून उभी होती. चढून बसताना माझी चप्पल चिखलात रुतली. टँकर तिथंच उभा राहिला असणार आणि पाइप गळत असणार. तो कोपरा सुकलाच नव्हता. पहिल्या डावात तिथं शेजारच्या गावाचा एक खेळाडू घसरला तेव्हा आमच्या ट्रॉलीत सगळ्या हसल्या.

मध्यंतरापर्यंत आमचं गाव मागे होतं. लाउडस्पीकरवाला बोलायला लागला, "आपल्या गावचा टीव्हीवरचा खेळाडू बाकावर बसलेला आहे, मंडळी, बाकावर!" लोक ओरडायला लागले. काकांनी त्याला ऊठ म्हटलं नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्याला कुणीच ऊठ म्हटलं नाही. सासूबाई माझ्या शेजारी बसून पदर तोंडात धरून होत्या. तो आपणच उठला, वाकला, मातीला हात लावून कपाळाला लावला आणि आत गेला. बाजू बदलल्या होत्या. डावा कोपरा आता आमच्या ट्रॉलीसमोर होता, ओला.

मी उभी राहून ओरडले, "भाऊजी, तिथं चिखल आहे!" एवढ्या गोंगाटात कोण ऐकतंय.

त्यानं दोन पकडी केल्या. सामना बरोबरीत आला. शेवटच्या चढाईला शेजारच्यांचा भाड्यानं आणलेला उंच पोरगा आला, आणि यानं त्याचा घोटा धरला. उजवा पाय चिखलात रुतलेला होता. पोरगा ओढत वळला, त्याच्याबरोबर हाही वळला, पाय मात्र वळला नाही. वरून आमचेच तिघं येऊन पडले. शिट्टी झाली. आम्ही जिंकलो.

लोक मैदानात घुसले, गुलाल उडाला, त्याला खांद्यावर घेतलं. तो ओरडत होता. लोकांना वाटलं आनंदानं ओरडतोय. त्याचा उजवा पाय एकाच्या खांद्यावरून लोंबत होता आणि तो माणूस तोच पाय दोन्ही हातांनी धरून नाचत होता. मी ट्रॉलीतून उतरून गर्दीत शिरले आणि त्या नाचणाऱ्याच्या पाठीत जोरात बुक्की मारली. त्यानं वळून पाहिलं, मला गुलाल लावला आणि पुन्हा नाचायला लागला.

त्याच संध्याकाळी काकांनी त्याला जीपमध्ये घालून हाडवैद्याकडे नेलं. हाडवैद्य म्हणाला शीर चढलीय. त्यानं पाय ओढला, तेल चोळलं, लेप लावला, कामट्या बांधल्या. गावानं पालखीला पहिला खांदा दिला. दिरालाही खुर्चीत बसवून पालखीपर्यंत नेलं, हात लावायला.

सूज उतरली तसा तो नाशिकला आमच्याकडे आला. सपाट रस्त्यावर बरा चालायचा. जिन्यावर मात्र गुडघा आपोआप बाजूला सरके, आणि तो भिंतीला हात लावी. दुकानात मशीनवर बसल्या बसल्या मला तो हात लावल्याचा आवाज ऐकू यायचा. "डॉक्टरला दाखवा," म्हटलं की, "बरं वाटतंय वहिनी, शीर उतरतीय." डॉक्टरला दाखवलं की कागद होणार, कागद झाला की बातमी संघापर्यंत जाणार, ही त्याची भीती. नाशिक एवढं मोठं झालं, पण कबड्डीवाल्यांचं नाशिक अजून एका गल्लीएवढंच आहे.

एक दिवस तो म्हणाला, उजवीकडे पँट ढिली वाटते, जरा आत घेऊन द्या. मी टेप घेतली. डावी मांडी होती तेवढीच होती. उजवीला टेप लावली, पुन्हा लावली. चांगली दोन बोटं कमी. शिवताना चूक झालेली नव्हती, पँट दोन्हीकडे सारखीच होती. दुकानात एक गिऱ्हाईक बाई बसली होती, म्हणून मी टेप गुंडाळून ठेवली. ती गेल्यावर शटर अर्धं ओढलं आणि म्हटलं, "चला. रिक्षा थांबवते."

गंगापूर रोडच्या एका हाडांच्या डॉक्टरांनी गुडघा दोन हातांत धरून पुढे ओढला आणि तो ड्रॉवरसारखा पुढे आला. एमआरआय केला. आतली एक मुख्य दोरी तुटलेली होती. डॉक्टर म्हणाले, "ही चोळून जुळत नाही. ऑपरेशन करावं लागेल, आणि नंतर जवळजवळ वर्षभर खेळायचं नाही. मांडी तर बारीक होणारच. पाय वापरात नसला की स्नायू लगेच उतरतो."

संघाचा कॅम्प पुढच्या महिन्यात होता.

रविवारी काका आले. आमच्या बाहेरच्या खोलीत बसले, चहा घेतला आणि त्यांनी तोडगा सांगितला. "कॅम्पला जा. पहिल्या दिवशी सरावात पड. तिथं पडला म्हणजे ती त्यांची जबाबदारी. ऑपरेशन तेच करतील, आन् मोठ्या दवाखान्यात करतील. पगारबी चालू."

मी म्हटलं, "काका, त्यांच्याकडे डॉक्टर असतो. एक पाय बारीक झालाय, ते त्याला दिसणार नाही का?"

"पाय कोण मोजायला बसलंय तिथं?"

"मी मोजला."

"तू टेलर हायेस. तुला सगळ्यांचेच पाय लहानमोठे दिसत्यात."

आमचे हे पंख्याकडे बघत होते. मी दिराला म्हटलं, "आत्ता फोन करा आणि खरं सांगा. यात्रेत खेळलो, चुकलो, म्हणा. हा हंगाम जाईल. पण पुढं कधीतरी बोलावतील. खोटं सापडलं तर कुणीच बोलावणार नाही."

काका म्हणाले, "म्हणजे यात्रेचं नाव घ्यायचं? गावाचं? देवाच्या सामन्यात पडला म्हणून तिथं परगावच्या माणसाला सांगायचं?"

दीर गुडघा चोळत बसला. मग म्हणाला, "वहिनी, सांगितलं तर काढणारच. नाय सांगितलं तर निदान एक शक्यता हाय."

"ती शक्यता तुमच्या मांडीवर दिसतेय."

तो हसला. तो हसला की मला समजायचं, याचं ठरलंय. घोटा धरल्यावर जसं.

जायच्या आधी दोन दिवस तो दुकानात आला. शेवटची बाई जाईपर्यंत थांबला. मग हळूच म्हणाला, "त्या लांब टाइट्स हायेत ना माझ्या. उजव्या बाजूला आतून काही लावून देता का? जाड अस्तर."

मी म्हटलं, "मी ब्लाउजला पॅड लावते. मांडीला नाही."

आम्ही दोघंही हसलो. मग त्यानं पुन्हा विचारलं, आणि मी नाही म्हटलं. सराव करताना घामानं अस्तर सरकेल आणि गुडघ्याशी गोळा होईल, हेही सांगितलं. तो टाइट्स घडी करून घेऊन गेला. सासूबाईंनी गावाहून अंगारा पाठवला होता, तो त्याच पिशवीत ठेवला.

कॅम्पात काय झालं हे त्यानं मला ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दवाखान्यात सांगितलं, मी मोसंबी सोलत होते तेव्हा. पहिल्या दिवशी सकाळी तो ठरल्याप्रमाणे पडला. पडायचं नाटक करावं लागलं नाही. उजवा पाय टाकून वळला आणि गुडघा खरोखर सरकला, दुखणं खरं होतं. दोघांनी उचलून त्याला डॉक्टरच्या खोलीत नेलं. डॉक्टरनं त्याला टेबलावर झोपवलं, दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवले, थोडा वेळ बघितले. मग ड्रॉवरमधून टेप काढली.

"वहिनी, अगदी तुमच्यासारखी. पिवळी."

डॉक्टर म्हणाला, "ये आज का नहीं है." हा म्हणाला, आजचंच आहे सर. डॉक्टर म्हणाला, आज दुखावलेला पाय सुजतो, असा वाळत नाही. तोवर संघाचा मॅनेजर तिथंच उभ्या उभ्या फोनवर काहीतरी शोधत होता. गावातल्या मुलांनी यात्रेचा सामना इंटरनेटवर टाकला होता. वर गावाचं नाव, देवाचं नाव, याचं पूर्ण नाव आणि 'टीव्ही स्टारची खतरनाक पकड' असं लिहिलेलं. मागे ढोलताशा. मॅनेजरनं तो शेवटपर्यंत बघितला, खांद्यावर घेऊन नाचतात तिथपर्यंत. मग फोन याच्यासमोर धरला.

"मी पैल्यांदाच बघितला," तो मला म्हणाला. "मला माहीत नव्हतं, त्यात माझा आवाज येतो म्हणून."

त्याच संध्याकाळच्या गाडीचं तिकीट काढून दिलं त्याला. करार संपला.

ऑपरेशन आम्ही आमच्या पैशांनी केलं. चांगलं झालं. टाके काढल्यावर व्यायाम सांगितले होते, रोज, दोन वेळा, कित्येक महिने. पहिले तीन महिने मी त्याला आमच्याकडे ठेवून घेतलं आणि मशीनवर बसून त्याचे व्यायाम मोजले. मग कांद्याचा हंगाम लागला. काकांनी आडतीवर बोलावलं, बसायचंच काम आहे म्हणाले. ज्यांनी बोलावलं त्यांना अपराधी वाटत होतं, नाही म्हटलं तर त्यांना वाईट वाटेल असं याला वाटलं. लिलावाच्या वेळी कुणी बसत नसतं. गोण्या, ट्रॅक्टर, उन्हातली धावपळ. व्यायाम राहिले. गुडघा पूर्ण वाकायचाही राहिला.

पुढच्या यात्रेत त्याचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, फेटा, आणि बॅनरवर तोच जुना फोटो. सामना आम्ही हरलो. पालखीमागून चालताना शेजारच्या गावचा कुणी म्हणाला, "टीव्हीवाला कुठंय रे तुमचा?" हा माझ्या बाजूलाच चालत होता. त्यानं फेटा काढून काखेत धरला.

त्यानंतर एका दुसऱ्या संघाच्या निवड चाचणीला तो गेला होता. सकाळी गेला, दुपारी परत आला, जेवायला बसला. मी त्याला वाढलं. आमच्या ह्यांनी पहिल्यांदाच काही विचारलं, "ओळखलं का तुला त्यांनी?"

"ओळखलं," तो म्हणाला. "म्हणून तर."

आता तो सातपूरच्या एका कंपनीत सिक्युरिटीत लागला आहे. नोकरी बरी आहे, पाळ्या आहेत, फंड कापतात. गेटवर कधी कधी एखादा ट्रकवाला त्याच्याकडे नीट बघतो आणि म्हणतो, तुम्हाला कुठंतरी पाहिलंय. तो म्हणतो, इथंच पाहिलं असेल.

गेल्या महिन्यात युनिफॉर्म मिळाला. नेहमीसारखी कंबर बरोबर आणि मांडीत काहीतरी बिनसलेलं, म्हणून पँट घेऊन दुकानात आला. मी त्याला उभं केलं आणि टेप काढली. आधी उजवी, मग डावी. मग पुन्हा उजवी.

"किती फरक हाय?" त्यानं विचारलं.

"काहीच नाही. सारख्या आहेत."

"भरली म्हणता उजवी?"

"नाही," मी म्हटलं. "डावी उतरली."

त्यानं वाकून टेपवरचे आकडे स्वतः वाचून बघितले. मग हसला. "आता दाखवायला पायजे होतं त्या डॉक्टरला."

मी पँट उलटी केली, दोन्ही बाजूंची शिवण उसवली आणि दोन्हीकडून सारखंच कापड आत घेतलं.